राखण : डिसेंबरातले सात दिवस, महाड ते आरवली

पहिला दिवस, शनिवार

आबाकाकांचा फोन आला तेव्हा मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर गर्दीत उभी होते आणि ते इतकंच म्हणाले, "ह्या वर्सा बांद घालूचो आसा, सोमवारी देवळात गाऱ्हाणा आसा, तुका येवक होया." मी तिथेच कठड्याला टेकले. आमच्या वाडीच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, अकरा वर्षं बांध घातलेला नाही. आबाकाका आणि तात्याकाका हे सख्खे चुलतभाऊ, पाटाच्या पाण्यावरून बोलायचे बंद झाले, केस झाली, मग वाडीतली अर्धी घरं एकाकडे अर्धी दुसऱ्याकडे, आणि आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे, गाव फुटलो. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आता माझं नाव लागलंय, म्हणून फोन मला.

रजा टाकली आणि नवरा, नववीतली मुलगी असे तिघं पहाटे पाचला निघालो. तडक गावी न जाता वाटेत पाण्याच्या जागा बघत जायचं असं मीच ठरवलं होतं. बाबांना फार इच्छा होती, "एकदा वाळणकोंड दाखवतो तुला" म्हणायचे, राहूनच गेलं.

पण आधी महाडला चवदार तळं. मुलीला पुस्तकातला धडा माहिती होता, तळं प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब इथे पायऱ्या उतरून पाणी प्यायले. त्याच्या आधी कागदावर सगळं झालेलं होतं, १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करायचा बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं म्हणून जाहीरही केलं, पण प्यायची हिंमत करायला १९२७ उजाडावं लागलं आणि त्यानंतर गावातल्या लोकांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' केलं. तळ्याच्या केसचा हायकोर्टातला निकाल लागेपर्यंत १९३७ उजाडलं. म्हणजे देवाधर्माच्या नावानं पाणी राखलं जातं तसं अडवलंही जातं, आणि अडवणाऱ्यालासुद्धा आपण पाणी राखतोय असंच वाटत असतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय कारण पुढचे सहा दिवस मी देवाच्या नावानं राखलेल्या पाण्याचं कौतुकच करणार आहे आणि ते करताना हे तळं डोळ्यांसमोरून हलता कामा नये.

दुपारी बिरवाडीकडून वाळणकोंडला गेलो. काळ नदीच्या पात्रात कातळ कापून झालेली खोल कोंड, वरून झुलता पूल, आणि काठाला वरदायिनी देवी. कोंडीतले मासे देवीचे, ते धरायचे नाहीत. कुरमुरे टाकले की आधी लहान मासे वर येतात, मग थोडे मोठे, मग हाताएवढे महसीर काळ्या पाठी दाखवत वळतात, आणि सगळ्यात खाली नथ घातलेली मासोळी आहे असं सांगतात. आम्हाला ती दिसली नाही पण मुलगी पाऊण तास तिथून हलली नाही. उन्हाळ्यात नदीचे नुसते दगड उरतात तेव्हा मासे अशा खोल कोंडीतच तग धरतात आणि पाऊस लागला की तिथूनच वर-खाली पसरतात. म्हणजे देवीची एक कोंड राखली तर अख्ख्या नदीला बियाणं मिळतं. हे ज्यांनी ठरवलं त्यांची नावं कुणाकडेच नाहीत.

रात्री चिपळूणला मुक्काम.

दुसरा दिवस, रविवार

हायवेचं काम, डायव्हर्जन, धूळ, त्याबद्दल काही लिहीत नाही. राजापूरला वळून बारसूच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, गेलो. डिसेंबरात सडा म्हणजे वाळलेलं पिवळं गवत आणि मध्ये मध्ये उघडा काळपट जांभा, लांबून बघणाऱ्याला ओसाडच वाटेल, सरकारी भाषेत पडीक. पण ह्या जांभ्यात पावसाचं पाणी मुरतं आणि खाली उतारावर झऱ्यांनी बाहेर पडतं, सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी त्यावर चालतात. आणि ह्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. बारसूचं ते मोठं चित्र, मध्ये माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघासारखी जनावरं, त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो. अशी चित्रं गावागावांत पांडवांनी काढली म्हणून माहिती असायची, गुराखी त्यांच्यावरून गुरं घालत नसत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ह्यांनी सड्यासडे पायाखाली घालून ती नोंदवली आणि २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव लागलं.

त्याच सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झोपल्या होत्या. मी तेव्हा ते मोबाईलवर ट्रेनमध्ये बघितलं होतं आणि बघून पुढे सरकवलं होतं, ह्याची आज लाज वाटली. एका मावशींकडे घागरीतलं पाणी मागितलं तर त्यांनी आधी गूळ दिला. झरा कुठे आहे विचारलं तर हातानं सडा दाखवून म्हणाल्या, "ह्योच तो, सगळाच."

रात्री साडेनऊला गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, मालवण आणि कुडाळच्या मधलं एक समजा. काकीनं कुळथाची पिठी आणि भात वाढला.

तिसरा दिवस, सोमवार

आज गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावानं मिळून देवासमोर घातलेलं साकडं. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण यूट्यूबवर गाऱ्हाण्याचे नुसते कॉमेडी व्हिडिओ आहेत आणि माझ्या ऑफिसात सगळ्यांना तेवढंच माहिती.

आमची सातेरी म्हणजे वारूळ. मूर्ती नंतर आली, मुखवटा नंतर आला, मुळात जमिनीतून वर आलेलं मातीचं वारूळ हीच देवी, सिंधुदुर्गात आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी सातेरी अशीच. म्हणजे आमची ग्रामदेवता ही गावची मातीच आहे. तिच्या जोडीला रवळनाथ, आणि मग गावाच्या चतुःसीमेवर, व्हाळाच्या तोंडाशी, मोठ्या झाडाखाली एकेका जागेचा राखणदार. देवाची पूजा गुरव करतो, गाऱ्हाणं घाडी घालतो, बारा-पाच मानकरी, म्हणजे गावातल्या मानाच्या घरांतली माणसं, समोर बसतात. ह्यातला एकही माणूस शिकून सर्टिफिकेट घेऊन झालेला नाही, पिढीजात आहे, आणि त्यात जे चांगलं आहे आणि जे वाईट आहे ते दोन्ही त्या पिढीजात असण्यातूनच येतं.

आमचे घाडीमामा सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्याला कमी दिसतं. वर्षभर लोक त्यांच्याकडे येतात, कुणाची गाय दूध देईना, कुणाची सून बोलेना, कुणाचा मुलगा मुंबईहून येऊन नुसता कोपऱ्यात बसलेला. लहानपणी मला वाटायचं हे सगळं भुताखेताचं आहे. मोठेपणी कळलं की ते आधी तासभर नुसतं ऐकतात. त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाला ते स्वतः कुडाळच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते आणि परत येऊन देवळातही नारळ ठेवला होता, दोन्ही. दुखणं अंगाचं का घराचं का जमिनीचं हे आधी बघूक होया, असं ते म्हणतात.

संध्याकाळी पाचला देवळात जमलो. देवळामागची राई, देवाच्या नावानं राखलेलं रान, आता पूर्वीच्या निम्म्यानं राहिलीय. आठ वर्षांपूर्वी जीर्णोद्धार निघाला, स्लॅबचा सभामंडप हवा होता, पैसे कमी पडत होते तर राईतले ऐन आणि किंजळ विकले. देवाचीच झाडं देवाच्याच कामाला, असं तेव्हा सगळे म्हणाले, माझे बाबाही म्हणाले. चकचकीत टाइल्स आल्या आणि देवळापाठचा झरा दोन वर्षांत शिमग्याच्या आधीच आटायला लागला. काका म्हणतात झाडं गेली म्हणून, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात बोअर वाढल्या म्हणून, मला वाटतं दोघांचंही खरं आहे. कोकणात किती गावांत हे असंच झालंय ते मी बघितलंय, देऊळ वाढतं आणि राई आकसते, आणि मला मनापासून सांगावंसं वाटतं की बाबांनो सभामंडप नंतरही बांधता येईल.

बायका नेहमीप्रमाणे बाजूच्या कट्ट्यावर. घाडीमामा उभे राहिले, हात जोडले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, सातेरी माउली, रवळनाथा, बारा-पाचाच्या, चतुःसीमेच्या राखणदारा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत, अकरा वर्सां व्हाळ सुको ऱ्हवलो, काय चूक झाली आसात ती पदरात घे, जो कोण आड येता तेका सुबुद्धी दी..." आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाच्या एका आवाजात "व्हय म्हाराजा!" ह्या होकाराला फार अर्थ आहे. एक माणूस बोलतो पण प्रत्येक वाक्यावर सगळ्यांची सही होते. ज्यानं केस घातलीय तोही तिथे उभा राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतो, म्हटल्याशिवाय सुटका नाही.

मग मामा थांबले आणि विचारलं, "धाकट्या घरातलो कोण आसा?" धाकटं घर म्हणजे आमचं. सगळीकडे शांत. काकी हळूच म्हणाली, "ऊठ गो बाय." मी कट्ट्यावरून उतरून पुरुषांच्या मधून पुढे गेले. दोन मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं ते मला दिसलं. एकजण म्हणालाही की बाई माणूस कशाला, नवरा आलाय ना. त्यावर मामा म्हणाले, "जमीन तेच्या नावार नाय. देवाक काय खोटा सांगू?" बस्स, एवढंच. मी हात जोडून उभी राहिले आणि माझे पाय खरंच थरथरत होते. महाडच्या पायऱ्या आठवल्या. माझं काही तेवढं मोठं नव्हतं, कुणी मला मारायला उठणार नव्हतं, पण वर्षानुवर्षं ज्या जागी आपल्याला बोलावलं जात नाही तिथे उभं राहताना पोटात काय होतं ते थोडंसं कळलं.

कौल लावला. ओल्या पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. प्रश्न असा की पहिला दगड दोन्ही घरांनी मिळून ठेवायचा का. पाकळी पडेचना. पंधरा मिनिटं, अर्धा तास, समईत दोनदा तेल घातलं, मुलं पेंगायला लागली. दीड तासानं मामा वळून म्हणाले, "पाण्यासाठी विचारतास आणि मनात कोर्ट आसा. देव कसो बोलतलो?" तात्याकाका उठले, चप्पल घातली आणि काही न बोलता निघून गेले. पाकळी तशीच चिकटलेली. घरी आल्यावर कुणी जेवलं नाही.

चौथा दिवस, मंगळवार

पहाटे सहाला धुक्यातून व्हाळावर गेलो, आबाकाकांनी ठरवलंच होतं की एकट्यानं का होईना पण सुरुवात करायची. तर तात्याकाका आधीच तिथे. गुडघाभर पाण्यात उभे, हातात पारई, जुन्या बांधाच्या जागेवरचा गाळ उकरत होते. आबाकाका पाच मिनिटं काठावर नुसते उभे राहिले. मग खाली उतरले आणि म्हणाले, "थयसर नको, तो दगड हलता." अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. तात्याकाका म्हणाले, "माका म्हायत आसा."

त्यापुढे दिवसभर नुसतं काम. घरटी एक माणूस, पण घरटी तीन-तीन आले, मुंबईहून आलेली पोरं, शाळेतले मास्तर, बौद्धवाडीतले दहा-बारा जण. बौद्धवाडीचं सांगायलाच हवं. पूर्वी बांधाला ते दगड वाहायला यायचे पण पाटाचं पाणी त्यांच्या कुणग्यांपर्यंत, म्हणजे भाताच्या खाचरांपर्यंत, कधी पोचायचं नाही, पाट त्यांच्या अलीकडेच संपायचा. आता त्यांच्यातला एक तरुण ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यानं सकाळीच सरळ सांगितलं, पाट पुढे नेणार असाल तर हात लावतो. थोडी कुजबुज झाली. घाडीमामा म्हणाले, "राखणदार शिवेर बसता. पाणी शिवेपर्यंत जावक होया." ह्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण बौद्धवाडी शिवेलाच आहे. मला वाटतं गावच्या देवाची भाषा ज्याला येते त्यानं ती अशा वेळी वापरली पाहिजे, नाहीतर तो नुसता मान खाणारा झाला.

बांध कसा घालतात तर, खाली मोठे दगड ओळीनं, मागे दुसरी ओळ, मधल्या फटीत झाडाचा टाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, आणि पेंढा कोंबायचा, त्यावर चिकणमाती पायानं तुडवून बसवायची. सिमेंट नाही. पावसात पहिल्या पुराला तो वाहून जातो आणि जायलाच हवा, व्हाळ मोकळा राहतो, गाळ साचत नाही. म्हणून दरवर्षी नव्यानं घालायचा, म्हणजे दरवर्षी सगळ्यांनी एकत्र यायचं. एका वर्षी कुणी रुसलं तर वाडीचं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, गेलं, विहिरीची पातळी गेली. आमच्याकडे अकरा वर्षं हेच झालं, प्रत्येकानं आपापली बोअर मारली आणि एप्रिलात सगळ्यांच्या विहिरी एकदम तळाला जायला लागल्या.

दुपारी चारला पाणी थबकलं, मग हळूहळू वर चढायला लागलं, आणि बायकांनीच आधी ओरडा केला. व्हाळाच्या तोंडाशी राखणदाराला राखण दिली, कोंबडा, नारळ. मुलगी कोंबड्याच्या वेळी तोंड फिरवून उभी राहिली, मी तिला काही बोलले नाही. संध्याकाळी वडे-सागोती, एका पंगतीत सगळे, बौद्धवाडीही. आबाकाका आणि तात्याकाका शेजारी बसले नव्हते पण एकाच ओळीत होते. केस अजून आहे, पुढची तारीख जानेवारीत.

पाचवा दिवस, बुधवार

अंग ठेचून निघालं होतं म्हणून उशिरा उठलो. धामापूरच्या तलावावर गेलो, जवळच. १५३० साली नागेश देसाई ह्यांनी गावकऱ्यांना घेऊन दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून हा तलाव केला, काठावर भगवतीचं देऊळ, आणि २०२० ला त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. काल दिवसभर माती तुडवलेल्या माणसाला पाचशे वर्षं टिकलेला मातीचा बांध बघून काय वाटतं ते सांगता येत नाही. काकीनं तिथली गोष्ट सांगितली. पूर्वी लग्नघरातली बाई परडीत फुलं घालून तलावात सोडायची आणि फुलांचे होतील तेवढे सोन्याचे दागिने वर यायचे, लग्न झालं की परत करायचे. एकानं परत केले नाहीत. तेव्हापासून तलाव देईनासा झाला. पाणी उसनं असतं हे ह्याहून सोप्या भाषेत कुणी सांगितलेलं मला माहिती नाही.

तिथून आचऱ्याला. आचऱ्याची गावपळण ऐकून होते, तिथल्या रामेश्वराच्या देवळात एका आजोबांनी नीट सांगितली. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव, माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे वेशीबाहेर जातात, तीन दिवस तीन रात्री राहुट्या घालून राहतात, गावात चूल पेटत नाही. हिंदू जातात तसे गावातले मुसलमानही जातात. परत यायला पुन्हा कौल. भुतांना गाव मोकळा करून देतात असं सांगतात, आणि लोक वाद घालतात की ही अंधश्रद्धा का नाही. मी आजोबांना विचारलं तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, तीन रात्री शेजारी ताडपत्रीच्या पलीकडे झोपलेला असतो, त्याचं खोकणंसुद्धा ऐकू येतं, परत आल्यावर त्याच्याशी भांडायला जीव होत नाही. आणि माणूस नसलेला गाव तीन दिवसांनी कसा वास देतो ते येऊन बघ, असंही म्हणाले. पुढच्या गावपळणीला यायचं मी त्यांना कबूल केलंय.

सहावा दिवस, गुरुवार

दोडामार्गला जायचं म्हणून लवकर निघालो. तिलारीच्या पट्ट्यात शिरलं की एकीकडे घनदाट जंगल आणि लगेच दुसऱ्या वळणावर डोंगर बोडका करून लावलेलं रबर, ओळीत, एकसारखं. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती इकडे येतात, हेवाळे-बांबर्डेच्या वाटेवर मोडलेले माड आणि केळी दिसल्या. ज्यांचं नुकसान होतं ते शिव्याही देतात आणि हातही जोडतात. वर्षाचं उत्पन्न एका रात्रीत गेलेल्या माणसाला मी शहरातून येऊन हत्तीचं प्रेम शिकवू शकत नाही, ते नुकसान वेळेवर भरून मिळालं पाहिजे एवढं नक्की.

भालांडेश्वराच्या राईकडे गावातला एक मुलगा घेऊन गेला. चप्पल बाहेर काढायची. आत पाय टाकला आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर थंडावा, तळव्यांना थंड काळा चिखल, बाहेर दुपारचे बारा आणि आत संध्याकाळ. इथे कानळ उभे आहेत, रानजायफळाच्या जातीतलं झाड, शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. बारा महिने पाण्यात असतात म्हणून त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि गुडघ्यासारखी वाकून परत आत जातात, सगळीकडे गुडघेच गुडघे, जणू जमिनीखाली कुणीतरी बसलंय. लाखो वर्षांपूर्वीच्या जंगलाचा हा उरलेला तुकडा, गोव्यात सत्तरीत निरंकाराची राई आहे तशी. सगळी मिळून २.५९ हेक्टर. आता ती जैविक विविधता वारसा स्थळ आहे, २००२ च्या कायद्याखाली. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळातल्या पाण्यात सापडलेल्या छोट्याशा माशाची जागाही २०२१ ला तशीच जाहीर झाली.

मी त्या मुलाला विचारलं, कायदा यायच्या आधी कुणी तोडलं कसं नाही? तो म्हणाला, "देवाचा आसा मां." सुकलेली फांदीसुद्धा कुणी घरी नेत नाही, न्यायची झाली तर देवाला विचारून. राईतून निघालेलं पाणी खाली बागायतीत जातं आणि ते कधी तुटलेलं त्यानं बघितलेलं नाही. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची गोष्ट आठवली, १९७० च्या दशकात तिथल्या काळकाईच्या राईत तोडीसाठी झाडांवर खुणा झाल्या तेव्हा गावकऱ्यांनी पुण्याच्या शास्त्रज्ञांना गाठून सांगितलं की आमचा ओहोळ हिच्यातून निघतो, ही गेली की पाणी गेलं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा देवरायांचा अभ्यास करत होते, त्यांनी शब्द टाकला, राई वाचली. म्हणजे विज्ञान आणि गाऱ्हाणं एकाच बाजूला उभे राहू शकतात, राहिलेले आहेत.

आणि राहिले नाहीत तर काय होतं तेही इथून लांब नाही. कळण्याच्या लोखंडाच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल चिखल लोकांच्या घरांत, बागांत शिरला. त्या खाणीला लोकांनी आधीपासून विरोध केला होता. त्या विरोधाला कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही.

निघताना मुलगी चिखलाचे पाय तसेच ठेवून गाडीत बसली, धुवायला नको म्हणाली.

सातवा दिवस, शुक्रवार

आरवलीला वेतोबा, गावचा राखणदार देव. त्याला वाहतात केळ्यांचे घड आणि ढोपरापर्यंत येतील एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला. रात्री देव गावच्या शिवेवरून राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात. मी एक जोड ऑर्डर देऊन करून घ्यायचा नवस बोलले, कशासाठी ते नाही लिहीत. शिरोड्याला मिठागरांच्या कडेनं थोडं चाललो, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच, मग सोलकढी पिऊन परतीची तयारी.

सावंतवाडीच्या आधी फोन वाजला. आबाकाका. नेहमीप्रमाणे ओरडूनच, रेंज नसली की ते जोरात बोलतात, "तुज्या बापाशीच्या कुणग्यात पाणी इला गो! पाट भरान व्हावता!" मी विचारलं, बौद्धवाडीपर्यंत गेलं का. म्हणाले, "सकाळी नऊ वाजल्यापासून." मग थोडा वेळ नुसता वाहत्या पाण्याचा आवाज, फोन पाटाजवळ धरला असावा. मी विचारलं, आपल्या कुणग्याकडचं तोंड कुणी उघडलं?

"तात्यान सोडल्यान," म्हणाले, आणि फोन ठेवला.